जांभळी रिंग

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी उमेदवारी सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी शिकवली गेलेली चाचणी अजूनही हाताला आठवते. दर तासाला क्वाडच्या बॉडीखालच्या नळातून गरम पाणी काचनळीत घ्यायचं. त्यात अल्फा नॅफ्थॉलचे दोन-चार थेंब टाकायचे, नळी तिरकी धरून कडेकडेने तीव्र गंधकाम्ल सोडायचं आणि दोन द्रव जिथे भेटतात त्या रेषेवर डोळा लावायचा. पाणी शुद्ध असेल तर तिथे काहीच होत नाही. साखरेचा अंश असेल तर जांभळी रिंग उमटते.

क्वाडमध्ये उसाचा रस एकापाठोपाठच्या चार बॉड्यांमधून आटत जातो. एका बॉडीतल्या रसाची वाफ पुढच्या बॉडीतला रस तापवते आणि थंड होऊन तिचं पाणी होतं. त्यातलं चांगलं पाणी परत बॉयलरला जातं. रिंग उमटली म्हणजे कुठेतरी नळी फुटली आहे, किंवा रस उसळून वाफेबरोबर पलीकडे गेला आहे. शेतकऱ्याची साखर पाण्यातून वाहून चालली आहे, हा झाला तोटा. तीच साखर बॉयलरच्या उष्णतेत मोडून आम्ल होणार, पाण्याला फेस आणणार, नळ्यांवर काळा थर धरणार आणि एखादी तापलेली नळी फाटणार, हा झाला धोका. दोन्ही बातम्या त्या एका रिंगेत असायच्या.

आमच्या लॅबमध्ये एक आण्णा होते, चौथीपर्यंत शिकलेले. ‘साहेब, रिंग आलीया. गडद हाय,’ एवढं सांगून ते माझ्या उत्तरासाठी थांबत नसत. जिन्यावरून धडाधड खाली जाऊन क्वाडवाल्याला हाक मारायची आणि बॉयलरकडे जाणारं पाणी आधी गटारीकडे वळवायला लावायचं, ही त्यांची पद्धत. मी चिठ्ठी लिहायचो ती मागाहून. माझ्यापेक्षा ते वयाने किती तरी मोठे आणि हुद्द्याने कितीतरी खाली, पण त्या दोन मिनिटांत कारखाना त्यांचा असायचा.

जुन्या कारखान्याची मला आजही जी ओढ वाटते ती याच गोष्टीसाठी. कामाचा कस आणि कामाचा धोका तेव्हा एकाच माणसाच्या नजरेखाली होते. आज कस एका पडद्यावर दिसतो, धोका दुसऱ्या फायलीत लिहिलेला असतो, आणि ती फाइल बहुतेकदा तिसऱ्याच माणसाच्या कपाटात असते.

ही नजर कारखान्याच्याही आधीची, गुऱ्हाळातली. आमच्या भागात मळ्यामळ्यावर गुऱ्हाळं होती. काहिलीत रस उकळायला लागला की गुळव्या तिच्या कडेला उभा राहायचा तो हलायचाच नाही. भेंडीचं चिकट पाणी टाकून वर आलेली मळी तो काढायला लावायचा. बुडबुड्याचा आकार आणि आवाज यांवरून पाक कुठवर आला ते त्याला कळायचं. शेवटी थंड पाण्यात थेंब टाकून गोळी धरते का ते पाहायचं आणि चुलवाणावरच्या गड्याला ओरडून सांगायचं, ‘जाळ वड!’ तो एक क्षण चुकला तर गूळ करपायचा किंवा ढेप बसायचीच नाही. गुऱ्हाळाची कार्यक्षमता मोजायला कुणाकडे यंत्र नव्हतं, पण माप होतं: गुऱ्हाळ आपल्याच वाळलेल्या चिपाडांवर चाललं पाहिजे. बाहेरून लाकूड विकत आणावं लागलं की समजायचं, चुलवाण चुकीचं बांधलंय किंवा चरक रस नीट काढत नाही. रस मागे राहिला तर चिपाडं ओली राहतात, ओली चिपाडं जळत नाहीत. एका मापात दोन्ही यायचं. साखर कारखान्यात चिपाडाच्या भुशाला बगॅस म्हणतात. तिथे पुढे ‘बगॅसमधली साखर’ आणि ‘बगॅसमधली ओल’ असे दोन आकडे मी वर्षानुवर्षं काढले. गुळव्याला ते चिपाड नुसतं मोडून कळायचे.

आणि चरकात ऊस घालणारा बाह्या दुमडल्याशिवाय बसत नसे. का, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात बोटं गेलेली माणसं होती.

पुढे सहकार आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात तिथे दिवसाला ५०० टनांच्या क्षमतेने गाळप सुरू झालं. आज ५,००० टनांचा कारखाना कुणाला मोठा वाटत नाही, दहा हजारांच्या पुढे गेलेलेही आहेत. पण ते पाचशे टन शेतकऱ्यांनी आपलं भागभांडवल घालून उभे केले होते, आणि पाठोपाठ वारणा, कृष्णा, पंचगंगेच्या काठाला उभ्या राहिलेल्या धुराड्यांनी जो आत्मविश्वास दिला त्याची उंची टनांत सांगता येत नाही.

माझ्या आठवणीतला कारखाना त्यानंतरच्या पिढीतला. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं, मग गव्हाणीत मोळी पडायची आणि कॉलनीतल्या सगळ्या घरांचं घड्याळ भोंग्यावर चालू व्हायचं. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांवर आणि साड्यांवर बगॅसची काजळी बसायची. आई-काकू कुरकुरायच्या, पण काजळी पडायची थांबली की काळजीत पडायच्या, कारण मग गळीत बंद पडलेलं असायचं. केन यार्डात बैलगाड्यांची रांग रात्रभर. गाडीखाली चूल, गाडीवर पोरं झोपलेली, बैलांपुढे वाढे.

मिल-हाउसमध्ये फोरमन फिरायचे ते कानाने. रोलर घसरायला लागला की आवाज बदलतो, आणि तो बदल आम्हा पोरांना ऐकू येण्याआधी त्यांना येत असे. बेअरिंगला ते हाताची मागची बाजू लावायचे, तळवा नाही, कारण चटका बसलाच तर हात आपोआप मागे ओढला जावा. गिअरबॉक्सला लोखंडी सळई टेकवून तिचं दुसरं टोक कानाशी धरायचे. शेवटच्या मिलमधून आलेला भुसा मुठीत दाबायचे. मूठ ओलसर झाली तर लॅबचा आकडा यायच्या आत मिलवर दाब वाढलेला असायचा. वर, जिथे पाकाला दाणा धरतो त्या पॅनवर, पॅनमन काचपट्टीवर नमुना घ्यायचा, दिव्यासमोर धरून दाणा बघायचा आणि मग अंगठा-तर्जनीत चोळून तार काढायचा. खोटा, म्हणजे नको तो बारीक दाणा आलाय की नाही, हे सांगायला त्याला निमिषही लागत नसे. या माणसांपैकी कित्येकांना सही करता येत नव्हती. पॅनमनच्या बोटांवर हजारो पोत्यांची साखर अवलंबून असायची आणि ते त्यालाही माहीत होतं, चीफ केमिस्टलाही.

हे सगळं आठवताना मी त्या काळाला सोनेरी रंग देणार नाही, कारण ते खरं होणार नाही. सेंट्रिफ्यूगलची टोपली फिरत असताना माणूस लाकडी फळीने साखर खरवडायचा आणि झाकण उघडं असताना ती टोपली अडवणारी कसलीही सोय नसे. गंधकाच्या भट्टीवरचा माणूस हंगामभर खोकायचा. चुना विझवणाऱ्याच्या डोळ्यांत ठिणगीसारखे कण जायचे. रस स्वच्छ करायला आम्ही लॅबमध्ये शिशाचा क्षार उघड्या हाताने घ्यायचो आणि उरलेलं मोरीत ओतायचो. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन हमाल फळीवरून चढत. चाळिशीत त्यांची कंबर गेलेली मी पाहिली आहे. आज पोतं पन्नास किलोचं आहे, सेंट्रिफ्यूगलचं झाकण उघडलं की मशिन चालूच होत नाही, बऱ्याच प्रयोगशाळांतून शिसं गेलं आहे. यातली एकही गोष्ट परत जुन्यासारखी व्हावी असं मला वाटत नाही.

कार्यक्षमतेचं तर विचारूच नका. आमच्या काळात ऊस गाळायला उसाच्या वजनाच्या पन्नास टक्क्यांहून अधिक वाफ लागायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण बगॅस शिल्लक राहणं हीच डोकेदुखी होती. उसाच्या पाव भागाहून जास्त भुसा निघतो, त्याचे डोंगर उन्हाळ्यात पेट घेत. आज चांगल्या कारखान्यात वाफ चाळीस टक्क्यांच्या खाली आली आहे, वाचलेल्या भुशावर वीज होते आणि ती ग्रिडला विकली जाते. मिलला वाफेच्या इंजिनाऐवजी वेग बदलता येणाऱ्या विजेच्या मोटारी आल्या. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दरवर्षी तांत्रिक कार्यक्षमतेची बक्षिसं देते, आणि त्या बक्षिसांसाठी कारखाने अक्षरशः दशांशाशी झुंजतात. तसं झुंजायलाच हवं. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी, ०.१ टक्क्याने वाढला तर एक हजार टन साखर जास्त मिळते. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, उताऱ्याला बांधलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढीव पैसे. म्हणजे आण्णांच्या काचनळीत जी साखर जांभळी होऊन दिसायची, तिचा थेट भाव आता शेतकऱ्याच्या खात्यात दिसतो. याहून चांगली गोष्ट कुठली?

मग मला खुपतं ते काय?

पूर्वीच्या बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला दहा, चौदा, फार तर एकवीस किलो असायचा. सहवीजनिर्मितीचे बॉयलर ६७, ८७, ११० किलोवर चालतात. जितका दाब जास्त तितकी वीज जास्त, आणि तितकी पाण्यातल्या साखरेला क्षमा कमी. जुना बॉयलर थोडी साखर सोसायचा, कण्हायचा, आपल्याला वेळ द्यायचा. नवा देत नाही. म्हणून आता पाण्याच्या नळीवरच विद्युतवाहकता मोजणारं उपकरण असतं, रस मिसळला की झडप आपोआप पाणी बाहेर वळवते. हे उपकरण आण्णांपेक्षा हजार पटीने चपळ आहे, याबद्दल शंका नाही. पण त्याचं मापन बरोबर आहे का ते तपासणारा माणूस हवा, झडप अडकलेली नाही हे हाताने फिरवून पाहणारा माणूस हवा. मी अलीकडे काही कारखान्यांत गेलो. एका ठिकाणी, नाव घेणार नाही, ती झडप ‘वारंवार उगाच उघडते, पाणी वाया जातं’ म्हणून हाताने बंद करून ठेवलेली होती. पाण्याच्या बचतीचा आकडा त्या महिन्यात सुधारला होता.

सुधारणा आणि धोका एकाच पावलाने कसे येतात याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आपल्या देशातलं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इम्पीरियल शुगर कंपनीचा मोठा शुद्धीकरण कारखाना होता. सायलोंच्या खालच्या बोगद्यातून साखर वाहून नेणारा पट्टा पूर्वी उघडा होता. साखरेत वरून काही पडू नये म्हणून २००७ साली त्याला पोलादी पत्र्यांनी झाकलं. हेतू शुद्धतेचा होता, त्यात चूक काहीच नव्हती. पण आधी धूळ मोकळ्या बोगद्यात विरून जायची, आता ती बंदिस्त पत्र्याआड साठू लागली, आणि ती ओढून घेण्याची सोय केलेली नव्हती. ७ फेब्रुवारी २००८ च्या रात्री आत स्फोट झाला. तपास मंडळाच्या अहवालानुसार बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती धूळ पेटवली. पहिल्या धक्क्याने इमारतीभर तुळयांवर, फरशीवर बसलेली साखरेची धूळ उडाली आणि तिचे एकामागून एक स्फोट होत गेले. चौदा माणसं गेली. साखरेची धूळ पेटते हे त्या उद्योगाला कित्येक दशकं ठाऊक होतं. पट्टा झाकताना ‘मग धुळीचं काय’ हा प्रश्न शुद्धतेच्या बैठकीत कुणाच्या तरी तोंडून यायला हवा होता, आणि तो आला नाही. तो अहवाल वाचल्यापासून आपल्या गोदामांतल्या तुळयांवर बोट फिरवून पाहायची मला सवय लागली.

मळीच्या टाक्यांचंही तसंच. कारखान्यातली मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, दाट पाक. आमच्याकडे एका एप्रिलमध्ये टाकीजवळून जाताना जुन्या पंपवाल्याला करपल्यासारखा वास आला. त्याने पत्र्याला हात लावला, तो सूर्याने तापतो त्याहून अधिक तापलेला होता. मळी गरम भरली गेली की ती स्वतःच आतून मोडायला लागते, तापते, फेसाळून फुगते, आणि टाकी ते सोसत नाही. त्याने त्याच रात्री टाकीवर पाणी सोडून मळी फिरवायला सुरुवात केली. सकाळी साहेब लोक आले तेव्हा फेस खाली बसला होता. आज टाकीला तापमापक असतो. उत्तम. त्याचा आकडा ऑफ-सीझनला, जेव्हा कंट्रोल-रूम जवळपास रिकामी असते, तेव्हा कोण वाचतं, एवढंच मला विचारायचं असतं.

कारण माणसं बदलली आहेत. पूर्वी हंगाम पाच-साडेपाच महिने चालायचा. गाळप क्षमता वाढत गेली आणि आता तो पुष्कळ ठिकाणी तीन महिन्यांत आटोपतो. तेवढ्या दिवसांसाठी ठेकेदाराची माणसं येतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यावर जातात. क्वाडच्या नळ्या घासायला बॉडीत उतरणारा, टाकी साफ करणारा, सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरणारा, हे आज बहुतेक असेच. बंद जागेत विषारी वायू असतो, प्राणवायू नसतो, आणि पहिला पडला की त्याला काढायला दुसरा धावत आत जातो आणि तोही पडतो. हे घडू नये म्हणून परवान्याचा कागद असतो, त्यावर सह्या असतात. आमच्या वेळी कागद नव्हता आणि ते वाईटच होतं. पण बॉडीचं तोंड उघडून ती रात्रभर थंड होऊ द्यायची, आधी दिवा सोडून पाहायचा, बाहेर दोरी धरून भावकीतलाच माणूस उभा करायचा, हे म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं. वीस वर्षं एकाच बॉडीत उतरलेल्या माणसाला तिची खोड माहीत असते. हे ज्ञान कागदावर उतरवून घेतलं असतं तर दोन्ही काळांतलं चांगलं आपल्या हाती आलं असतं. ते आपण उतरवून घेतलं नाही. पॅनमन निवृत्त झाले, त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि घरी पाठवलं.

कारखान्याचं मूल्यमापन वजनकाट्यापासून सुरू होतं आणि गोदामाशी संपतं, हेही मला कधी पटलं नाही. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर साखर उतरायला लागते, म्हणून तोडीची घाई. त्या घाईपायी एक दिवस आजारी पडलं तरी कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याच्या, आगाऊ उचलीतून खाडा कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली देशभर गाजली तेव्हा सगळे हळहळले. पण उताऱ्याच्या दशांशात त्या बायकांची पाठ आणि पोट आधीपासूनच धरलेलं होतं, फक्त कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. रात्री दोन ट्रॉल्या जोडून, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर रस्त्यावर उभा असतो, तो धोकाही कारखान्याचाच, पण तो काट्याच्या अलीकडचा म्हणून पोलिसांचा. पूर्वीच्या बैलगाडीला कंदील लटकत असे आणि ती इतकी हळू चालायची की धडक बसली तरी माणूस बहुधा वाचायचा.

आणखी एक धोका तर पार आकाशातून येतो. इथेनॉलसाठी कर्ज काढून आसवन्या उभ्या राहिल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या एका आदेशाने रसापासून इथेनॉल करणं अचानक थांबलं. काही दिवसांनी बंदी सैल झाली, पुढच्या वर्षी उठली. पण हप्ते त्या दिवसांतही चालू होते. आमच्या काळच्या संचालकाला फक्त पाऊस आणि साखरेचा भाव यांची काळजी असे.

गेल्या हंगामात एका तरुण इंजिनियरने मला कंट्रोल-रूम दाखवली. मुलगा हुशार, कामावर प्रेम असलेला. पडद्याच्या कडेला लाल-पिवळ्या सूचना सतत सरकत होत्या. ‘काका, यातल्या कुठल्या खऱ्या ते कळायला वेळ लागतो,’ तो म्हणाला. मी विचारलं, एखादी खरी वाटली तर मिल थांबवतोस का? तो म्हणाला, थांबवायच्या आधी फोन करतो. बंद पडलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब दर तासाला मोबाइलवर वरपर्यंत जातो, आणि सकाळी विचारणा होते.

त्याने मला रोजचा अहवाल दाखवला. बंद काळाची कारणं लिहिण्याचे रकाने तेच होते, माझ्या वेळचे: ऊस नाही, यांत्रिक, विद्युत, प्रक्रिया, साफसफाई, इतर. मी आयुष्यभर हा तक्ता भरला. त्यात एक रकाना मला कधी दिसला नाही, आणि आता मी ज्या ज्या कार्यकारी संचालकांना भेटतो त्यांच्याकडे तोच मागतो: ‘धोका दिसला म्हणून थांबवलं’. त्यात लिहिलेली मिनिटं कार्यक्षमतेतून वजा करायची नाहीत, आणि ज्याने थांबवलं त्याचं नाव, मग तो ठेकेदाराचा गडी का असेना, शेजारी लिहायचं. दोघांनी नकार दिला, विमा कंपनी प्रश्न विचारेल म्हणाले. एकाने या दसऱ्यापासून तो रकाना छापून घेतला आहे.